तिच्याच्याने बोलवत नाही

प्रिय पोरी,

तुझा परवा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला, मग सकाळी चहा घेताना परत वाचला. सहा आठवडे झाले तुला शॅडो टीचर म्हणून, म्हणजे वर्गात एकाच मुलाच्या शेजारी बसून मदत करणारी म्हणून लागून. तिसरीतली ऑटिस्टिक मुलगी, घरी आईशी अखंड बडबड, पुण्यातल्या पीएमपीच्या बसचे नंबर आणि रूट तोंडपाठ, आणि शाळेच्या गेटमधून आत आली की एक शब्द नाही, चेहरासुद्धा थिजल्यासारखा. कोऑर्डिनेटर दर शुक्रवारी विचारतात प्रोग्रेस काय, आई रोज गेटवर विचारते आज बोलली का, आणि शेवटी तू लिहिलंयस, "ताई मी कमी पडतेय का". हे व्हॉइस नोटमधे सांगण्यासारखं नाही म्हणून बसून लिहितेय, लांबेल, सवडीने वाच.

आधी मला तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य बदलायचंय. तू चार वेळा लिहिलंयस "ती शाळेत बोलत नाही". आपल्या मराठीत ह्यासाठी इतकं नेमकं रूप आहे ना, बघ. मला जेववत नाही, आजोबांना चालवत नाही, तिच्याच्याने बघवत नाही. तसंच, तिच्याच्याने बोलवत नाही. आजारी माणूस जेवत नाही म्हटलं की आपण आग्रह करत बसतो, त्याला जेववत नाही म्हटलं की ताट बाजूला सरकवतो आणि पेज करून आणतो. माणूस तोच, आजार तोच, पण आपण वेगळं वागायला लागतो. तुझ्या डायरीत आणि कोऑर्डिनेटरच्या रिपोर्टमधे पण हेच वाक्य जाऊदे, त्यांनी विचारलं की हे काय लिहिलंय तर बरंच झालं, बोलणं सुरू होईल.

गप्प मुलाला आपल्याकडे काय काय म्हणतात आठव. मूग गिळून बसलीय, तोंडात गुळणी धरलीय, घुमी आहे, भाव खाते. ह्या सगळ्यात ती काहीतरी करतेय, मुद्दाम करतेय असंच येतं. पण दातखीळ बसली, वाचा बसली हेही आपलेच शब्द आहेत, त्यात करणारं कोणी नसतं, ते माणसाला होतं. तुझ्या मुलीची दातखीळ बसते. उद्या हजेरीच्या वेळी तिच्या तोंडाकडे नको, मानेकडे आणि खांद्यांकडे बघ, तिचा नंबर जवळ येईल तसे ते कसे वर चढतात ते दिसेल तुला.

डॉक्टर मंडळींनाही हे समजायला शंभराच्या वर वर्षं लागली गं. १८७७ मधे कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरने ह्याला जे नाव दिलं त्याचा अर्थच स्वतःच्या मर्जीने आलेलं मुकेपण. १९३४ मधे ट्रॅमर नावाच्या स्विस डॉक्टरने इलेक्टिव्ह म्युटिझम म्हटलं, म्युटिझम म्हणजे मुकेपण आणि इलेक्टिव्ह म्हणजे परत मर्जीच. मी शिकत होते तेव्हा पुस्तकात हाच शब्द होता, आणि अशी मुलं हट्टी असतात, आईला चिकटलेली असतात, मोठ्यांवर कंट्रोल ठेवायला गप्प बसतात असं मी खरंच परीक्षेत लिहून आलेय. १९९४ मधे अमेरिकन मॅन्युअलमधे, म्हणजे मानसिक आजारांचं निदान ज्यावरून करतात त्या डीएसएम पुस्तकात, ते सिलेक्टिव्ह म्युटिझम झालं आणि २०१३ मधे कुठे ते अँग्झायटीच्या प्रकरणात गेलं. सिलेक्टिव्ह ह्या शब्दालाही निवड करण्याचा वास येतो म्हणून बरेच ऑटिस्टिक लोक सिच्युएशनल म्युटिझम म्हणतात, ते मला जास्त पटतं, कारण परिस्थिती बदलली की बोलणं बदलतं. पण शाळेच्या फाईलमधे अजून तरी सिलेक्टिव्ह हाच शब्द चालतो, तिथे भांडू नकोस, तुझी ताकद दुसरीकडे लागणारे.

आता तुझा मुख्य प्रश्न, की आईला एका डॉक्टरांनी सांगितलं हे ऑटिझममुळेच आहे आणि दुसऱ्यांनी सांगितलं घरी इतकी बोलते तर ऑटिझम नसेलच, खरं काय. दोन्ही असू शकतं. स्वीडनमधे गोथेनबर्गच्या क्लिनिकमधे सिलेक्टिव्ह म्युटिझमची ९७ मुलं तपासली होती, २०१८ मधे ते छापून आलं, त्यातल्या ६३ टक्के मुलांना ऑटिझमही होता. आता ते खास क्लिनिक होतं त्यामुळे सगळीकडे हाच आकडा असेल असं नाही, पण ही दोन नावं एकमेकांना बाद करत नाहीत एवढं त्यातून कळतं. गोंधळ का होतो तर मॅन्युअलमधे एक अट आहे की फक्त ऑटिझमच्या ओघातच ते दिसत असेल तर वेगळं निदान करू नका, आणि बरेच जण तेवढंच वाचून थांबतात. पण ज्या मुलाला काही ठिकाणी नीट बोलता येतं हे सिद्ध झालंय आणि दुसऱ्या ठिकाणी येत नाही, तिथे हे दुसरं निदान बसू शकतं. घरचा व्हिडिओ हा त्याचा पुरावा. आईला सांग पुढच्या अपॉइंटमेंटला मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जायला, कारण क्लिनिकमधे ती गप्प बसणार आणि टेस्ट करणारा उत्तर आलं नाही म्हणून शून्य देणार. असे शून्य मिळून मतिमंद शिक्का बसलेल्या हुशार पोरी मी पाहिल्यात. मात्र तो व्हिडिओ काढताना तिला माहीत हवं आणि तो कोणाला दाखवणार हेही. तुझ्या शाळेने म्हटलं की वर्गात लावू म्हणजे मुलांना कळेल तिला बोलता येतं, तर सरळ नाही म्हण. तिने घराच्या आत जपून ठेवलेली गोष्ट आपण न विचारता चाळीस जणांसमोर उघडी करायची, मग ती घरीही का बोलेल?

ह्याच्या आधी एक फाटा आहे, तो नीट समजून घे, कारण मी स्वतः ह्यात खूप वर्षं चुकले. गप्प होण्याचे किमान दोन प्रकार तुला तिच्यात दिसतील. माझ्या ओळखीचा एक ऑटिस्टिक मुलगा आहे, मुलगा कसला, सव्वीस वर्षांचा आहे, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. समोरासमोर बसलो तरी आम्ही कधीकधी व्हॉट्सअॅपवरच बोलतो. त्याने मला टाईप करून सांगितलं होतं की एका वेळेस शब्द आत तयार असतात, ओठांच्या मागे रांग लावून उभे असतात, फक्त दार उघडत नाही. आणि दुसऱ्या वेळेस दारबिर सगळं ठीक असतं पण आतलं दुकानच बंद असतं, शब्दच बनत नाहीत. पहिलं त्याला अनोळखी माणूस, फोन, ऑफिसची मीटिंग अशा ठिकाणी होतं आणि तिथून बाहेर पडला की दोन मिनिटांत तो बोलायला लागतो. दुसरं होतं ते गणपतीत ढोल ऐकून आल्यावर, लग्नातून आल्यावर, दिवसभर ट्यूबलाईटखाली बसल्यावर, आणि ते घरीसुद्धा होतं, आईसमोरसुद्धा, आणि तासन्‌तास राहतं. पहिलं भीतीचं, म्हणजे म्युटिझम. दुसरं थकव्याचं, त्याला शटडाऊन म्हणतात.

हे वेगळं करायचं कारण, दोन्हीवरचा इलाज उलटा आहे. भीतीच्या गप्पपणात नुसतं सोडून दिलं, राहूदे तिला, नको त्रास, असं वर्षानुवर्षं केलं तर तो घट्ट होत जातो, तिथे अगदी छोट्या छोट्या पायऱ्या लागतात, तिच्या मर्जीने. शटडाऊनमधे पायऱ्या बियऱ्या काही नाही, सगळं बंद करायचं, प्रश्न बंद, पंखा कमी, कोपरा, पाणी, वेळ. तिथे कोणी एक पायरी अजून चढ म्हणून मागे लागलं तर मूल कोलमडू शकतं, आधी येत असलेल्या गोष्टीही जाऊ शकतात. आणि एकाच मुलीत एकाच दिवशी दोन्ही होऊ शकतं, सकाळी हजेरीला भीती, दुपारी पीटीनंतर शटडाऊन. म्हणून दोन आठवडे फक्त नोंद ठेव. किती वाजता, कुठे, कोण जवळ होतं, आवाज किती होता, आधी काय झालं होतं, घरी गेल्यावर किती वेळाने बोलली (हे आईकडून घे). तोवर पायऱ्या सुरू करू नकोस. कोऑर्डिनेटरना हाच प्रोग्रेस म्हणून दाखव.

भीती कमी करायच्या आधी जे खरंच त्रासदायक आहे ते कमी कर, हा क्रम चुकवू नकोस. ऑटिझम नसलेल्या मुलाला आपण सांगू शकतो की अरे घाबरण्यासारखं काही नाही, हळूहळू सवय होईल. पण परिपाठाच्या माईकची शिट्टी तिच्या कानाला खरंच लागते, डबा खायच्या सुट्टीतला वास तिला खरंच मळमळवतो, त्याची सवय होत नाही, ती फक्त सोसते, आणि सोसण्यात सगळी शक्ती गेली की बोलायला काही उरत नाही. तिला खिडकीकडची, भिंतीला पाठ लागेल अशी जागा मिळवून दे, स्पीकरपासून लांब. दिवसाचं टाईमटेबल चित्रांनी डेस्कवर चिकटव आणि बदल होणार असेल तर आदल्या दिवशी सांग. निम्मं काम तिथेच होतं, हे मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतेय.

आता माझी एक चूक सांगते, तू ती करू नयेस म्हणून. सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा होता सात वर्षांचा, चार महिने माझ्या ग्रुपमधे एक शब्द नाही. एक दिवस मी फळ्यावर बेरीज लिहिली आणि तो माझ्या शेजारी उभा राहून अगदी श्वासाच्या आवाजात म्हणाला, नऊ. मी टाळ्या वाजवल्या. वर्गाला वाजवायला लावल्या. बाईंना बोलावून आणलं, बाई बघा हा बोलला, परत म्हण रे बाळा, परत म्हण. सगळी पोरं त्याच्याकडे वळली. त्यानंतर तो चौथी संपून शाळा सोडेपर्यंत त्या खोलीत परत बोलला नाही. इतक्या वर्षांनी मला त्याचा चेहरा आठवतो, लाल झालेले कान आठवतात. त्याने शंभर गोष्टींचा अंदाज घेऊन एक शब्द बाहेर ठेवून बघितला होता आणि मी त्याला दाखवून दिलं की शब्द ठेवला की असं होतं. म्हणून सांगते, तुझी मुलगी जेव्हा कधी बोलेल, तेव्हा ती रोज बोलते असं समजून उत्तर दे. ती म्हणाली निळा, तर हां निळा, घे, आणि पुढे चालू. तुझे डोळे भरून आले तर खाली वाकून बुटाची लेस बांध. आईला सांगायचं ते संध्याकाळी, मेसेजवर, आणि आईलाही सांग की घरी गेल्या गेल्या शाब्बास बोललीस म्हणे असं करायचं नाही. स्टिकर चार्ट, आज बोललीस तर चॉकलेट, हे तर अजिबात नको, ते तिला बक्षीस वाटत नाही, वसुली वाटते.

रोजचं कसं बोलायचं तिच्याशी, तर प्रश्न कमी कर. आपण मोठी माणसं शांततेला इतके घाबरतो की प्रश्नामागून प्रश्न टाकत जातो आणि प्रत्येक प्रश्न म्हणजे तिच्यासाठी एक छोटी तोंडी परीक्षा. समोर बसू नकोस, शेजारी बस, दोघी एकाच कागदाकडे बघत. बोलायचं ते स्वतःशी बोलल्यासारखं, "ही बस कात्रजला जात असेल बहुतेक, नाहीतर स्वारगेटलाच थांबत असेल," आणि मग गप्प. मनात दहापर्यंत मोज. तिला दुरुस्त करावंसं वाटेल, तिच्या विषयात तू चुकलीस तर तिला राहवणार नाही, पण तोंडाने नाही आलं तर बोटाने दाखवेल, लिहील, तेही उत्तरच. विचारायचंच असेल तर हो-नाही आणि "काय हवं" ह्यांच्या मधलं विचार, हे की ते, दोन्ही वस्तू हातात धरून. आणि डोळ्यात बघ माझ्या असं कोणी म्हणालं तर त्यांना तूच हळूच थांबव, तिला एका वेळी एकच काम झेपतं, एकतर बघेल नाहीतर ऐकेल.

लिहून दाखवणं, मान हलवणं, कार्ड, टॅब, हे सगळं तिला आजपासून मोकळं असायला हवं. तुझ्या शाळेत कोणीतरी म्हणणारच की हे दिलं तर ती कधीच बोलणार नाही. हे मी इतक्यांदा ऐकलंय. बोलण्याला पर्याय देणाऱ्या साधनांवरच्या जुन्या अभ्यासांचा एक आढावा २००६ मधे निघाला होता, त्यात ज्यांची नोंद काटेकोर होती अशा २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. ती सगळी म्युटिझमची माणसं नव्हती, पण भीती तीच असते ना पालकांची, म्हणून सांगितलं. आयआयटी मुंबईच्या डिझाईन विभागातून निघालेलं जेलो नावाचं अॅप आहे, फुकट आणि मराठीतही, चेन्नईचं आवाझ आहे. ते बघ, पण तुझ्या मुलीला लिहिता येतं तर एक छोटी वही आणि पेन्सिल गळ्यात अडकवली तरी पुरे. आणि वही काढून घेऊन आता तोंडाने सांग असं कधी कधी करायचं नाही. तहानलेल्याचा तांब्या काढून घेऊन त्याला विहीर खणायला लावण्यासारखं आहे ते.

एक सावधपणा मात्र ठेव, आणि हा तुझ्याबद्दल आहे. शॅडो टीचर नकळत मुलाचं तोंड होऊन बसते. वर्गातली पोरं तिला विचारतात आणि उत्तर तू देतेस, टीचर तिच्याबद्दल तुला विचारतात तिच्या डोक्यावरून. उत्तर देऊ नकोस, तिच्याकडे वळ, वही पुढे कर, थांब. उत्तर नाही आलं तर "सांगेल ती नंतर" एवढंच. आणि पोरं जेव्हा म्हणतील टीचर ही बोलत नाही, तेव्हा गप्प राहू नकोस, कारण वर्षभर हे ऐकून ऐकून तेच तिचं नाव होतं, मग एखाद्या दिवशी तिला बोलावंसं वाटलं तरी न बोलणारी मुलगी बोलली हा तमाशा तिला नको असतो. म्हणायचं, "ती बोलते, इथे अजून तिच्याच्याने बोलवत नाही, तू बस ना तिच्या शेजारी." आणि हो, वाढदिवसांना तिला कोणी बोलवत नाही असं तू लिहिलंयस. वर्गातल्या दोन आयांशी तू स्वतः बोल, ती येईल, अर्धा तास बसेल, केक नाही खाणार, गाणं सुरू व्हायच्या आत निघेल, पण तिला बोलवा. ह्यात तिने बोलण्याची काही अट नाही.

पायऱ्यांचं म्हणशील तर दिवाळीच्या सुट्टीनंतरच सुरू कर, नोंद झाल्यावर. पद्धत साधी आहे. शाळा सुटल्यावर वर्ग रिकामा, आई आणि ती, दोघी बसच्या तिकिटांचा खेळ खेळतायत, दार उघडं. पहिल्या दिवशी तू कॉरिडॉरमधे, दिसणार नाहीस अशी. तिचा आवाज चालू राहिला तर दुसऱ्या वेळेस दारात, मग आत पण पाठ करून वह्या तपासत, मग बाकावर, मग त्याच टेबलला. मग आकडे, आई एक म्हणते, ती दोन, तू तीन. आकडे, वार, पाढे हे सोपं जातं कारण त्यात ठरवायचं काही नसतं, उत्तर चुकायची भीती नसते, पाठ असलेलं आपोआप येतं. शेवटी आई पाणी आणायला म्हणून बाहेर. पंधरा मिनिटांच्यावर नाही आणि आवाज थांबला की एक पायरी मागे, रागावणं नाही, हळहळणं नाही. बरेच लोक सांगतात की मुलाला न कळता हळूच आत सरकायचं. ऑटिस्टिक मुलीशी असं करू नकोस, माझं ठाम मत आहे हे. तिला सगळ्या पायऱ्या कागदावर काढून दे, कुठली कधी ते तिने ठरवायचं, आणि थांबा असं लिहिलेलं लाल कार्ड तिच्या हातात, ते दाखवलं की तू लगेच मागे. बसचे स्टॉप असतात तसे काढ, तिला आवडेल. चोरून आत सरकलेलं माणूस तिला पुढे कायमचं संशयाचं होतं.

आणि तुझ्याशी त्या खोलीत बोलली म्हणजे कॅन्टीनमधे बोलेल, वर्गशिक्षिकेशी बोलेल असं धरू नकोस. प्रत्येक माणूस, प्रत्येक जागा नवी. ती तुझ्याशी आधी बोलेल असंही नाही, ह्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मागे एका शाळेत अशीच एक मुलगी होती, आम्ही तिघी बायका डिग्र्या घेऊन तिच्याभोवती, आणि तिचा शाळेतला पहिला शब्द कोणाला मिळाला तर झाडायला येणाऱ्या मावशींना. मावशी तिला कधीच काही विचारायच्या नाहीत, झाडता झाडता आपल्या नातवाच्या, गॅसच्या, पावसाच्या गोष्टी मराठीत बोलत राहायच्या. एक दिवस त्या म्हणाल्या आज काय छत्री आणली नाय आणि ती म्हणाली, मी आणलीये. मावशींनी बरं म्हटलं आणि झाडत राहिल्या. मी आजही नवीन मुलींना ट्रेनिंग देताना त्या मावशींचंच सांगते. तुझ्या शाळेतही भाषेचं बघ, इंग्लिश मीडियममधे मराठी घरातलं मूल पहिले काही महिने नुसतं ऐकत असतं, ते वेगळं आणि नॉर्मल, पण ही तिसरीत आहे, बालवाडीपासून तिथेच आहे, तर ते कारण नाही. तरीही भीतीत परक्या भाषेचं ओझं अजून एक, तिच्याशी शेजारी बसून मराठीतच बोल, कोणी हरकत घेतली तर मला सांग.

शाळेने तोंडी परीक्षेचे मार्क कापायचं म्हटलंय ना, तर शांतपणे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा पुढे कर. त्यातल्या २१ प्रकारांमधे ऑटिझम नावाने आहे, कम्युनिकेशनच्या व्याख्येत लिहिलेलं आणि पर्यायी साधनंही धरलीयत, आणि कलम १७ मधे अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य ते बदल करायला सांगितलंय. कविता ती घरी म्हणेल, आई रेकॉर्ड करेल, टीचर एकट्या ऐकतील. बहुतेक शाळा भांडण न करता मान्य करतात, फक्त कोणीतरी लेखी अर्ज द्यावा लागतो, तो आईने द्यायचा, मसुदा मी पाठवते.

आईबद्दल थोडं. तिला रोज गेटवर "आज बोलली का" विचारू नको असं सांगायचंय पण ते जपून सांग. त्या बाईला सासरी ऐकवलं जातंय की तू लाडावून ठेवलीस, शाळेत ऐकवलं जातंय की घरी बोलते हे खरं कशावरून, आणि गणपतीत सगळे नातेवाईक जमले की पाया पड, नाव सांग, कितवीत आहेस सांग, आणि पोरगी पुतळा. तिला तुझ्याकडून एक चांगली बातमी रोज हवी आहे गं, म्हणून ती विचारते. मग तूच आधी सांग रोज काहीतरी, आज मैत्रिणीला खोडरबर दिलं, आज चित्रात ११ नंबरची बस काढली, म्हणजे तो प्रश्न आपोआप मागे पडेल.

आणि तू कमी पडतेयस का. नाही. सहा आठवड्यांत ती तुझ्या शेजारी बसून डबा उघडते हे तू मेसेजमधे मधेच कुठेतरी लिहिलंयस, आधीच्या शॅडो टीचरच्या वेळी ती डबा उघडतच नव्हती. ते वाचून मला कळलं की तिने तुझा अंदाज घ्यायला सुरुवात केलीये.

पण तू अजून एक ओळ सहज लिहून गेलीस, की तिची पाण्याची बाटली रोज भरलेली घरी जाते. ह्या ओळीवर मी अडकलेय. तिला टॉयलेटला जाऊ का असं विचारता येत नाही, म्हणून ती पाणीच पीत नाही. सकाळी साडेसातपासून दुपारी दोनपर्यंत. अशा मुलांना लघवीचं इन्फेक्शन होतं, पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, आणि त्यांच्या पोटात दुखलं, कोणी ढकललं, कोणी नको तिथे हात लावला तरी ती सांगू शकत नाहीत. त्यामुळे नोंदवही, पायऱ्या, अर्ज, सगळं नंतर. उद्या सोमवारी शाळेत गेलीस की आधी एक कार्ड कर, तिच्या आवडीच्या रंगाचं, त्यावर बसचं चित्र. ते तिने डेस्कच्या कोपऱ्यावर ठेवायचं आणि उठून जायचं, विचारायचं नाही, कोणी मान हलवायची वाट बघायची नाही. वर्गशिक्षिकेला आणि मावशींना आधी सांगून ठेव. दुसरं एक कार्ड, दुखतंय असं, मागच्या बाजूला अंगाचं चित्र, बोट ठेवण्यापुरतं. मग मधल्या सुट्टीच्या आधी, कॉरिडॉर रिकामा असताना, तिला एकदा टॉयलेट दाखवून आण, कडी कशी लागते, नळाचा आवाज किती येतो, सगळं. पाणी पी असं म्हणू नकोस. तू तुझी बाटली काढ आणि तिच्या शेजारी बसून पी.

संध्याकाळी बाटली किती रिकामी झाली तेवढं कळव मला.

तुझी,
ताई